‘मलमाने कातडी गुदमरते’ हे खरे नाही

मिरग लागला की आमच्या फोंड्याच्या नातेवाइकांत दरवर्षी हा मजकूर फिरतो: ‘दमट हवेत बाळाला किंवा अंथरुणावरच्या माणसाला डायपरच्या जागी पेट्रोलियम जेली, झिंकचे मलम लावू नका. ते पेट्रोलपासून बनते, त्याने कातडी गुदमरते. जंतुनाशकाच्या पाण्याने धुवा, भरपूर पावडर घाला.’ मी दोन वर्षे सासूबाईंचे सगळे अंथरुणावर केले. या सल्ल्याने आधीच लाल झालेली जागा सोलवटते, म्हणून गप्प बसवत नाही.

कातडी नाकासारखा श्वास घेत नाही. तिला प्राणवायू मुख्यतः रक्तातून मिळतो. बाहेरच्या हवेचा उपयोग जेमतेम वरच्या ०.४ मिलिमीटरपर्यंत. जेलीच्या थराखाली कातडीची दुरुस्ती चालूच राहते.

त्रास होतो तो ओलीने. भिजून फुगलेली कातडी जरा घासली तरी सुटते. त्यात लघवी आणि शी एकत्र आली की शीतले जंतू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात, जागा अल्कधर्मी होते आणि शीतली पाचक द्रव्ये जोर धरून कातडीच खाऊ लागतात. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, सामू (pH) साधारण ५. साध्या साबणाचा ९ ते १०, म्हणजे अल्कधर्मीच. मग साबण आणि जंतुनाशकाने पुन्हा पुन्हा धुऊन आपण काय साधतो? कोमट पाणी, मऊ फडके, आणि घासायचे नाही, टिपायचे. पूर्ण कोरडे झाल्यावर मलमाचा पातळ थर. पावसाआधी मातीच्या भिंतीला माडाची विणलेली चुडते बांधतात तसे हे आहे: भिंत कोरडी असतानाच बांधायची. जाड थापले तर ते डायपरला लागते आणि डायपर लघवी शोषत नाही. झिंकचे मलम दर वेळी खरवडून काढू नये. मळलेला थर खोबरेलाच्या बोळ्याने पुसावा, खालचा राहू द्यावा, वर नवा लावावा. नुसते खोबरेल वाईट नाही, पण लघवीपुढे टिकत नाही.

पेट्रोलचे म्हणाल तर जेली खनिज तेलापासूनच निघते. रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ मध्ये तिचे पेटंट घेतले. पण औषधी दर्जाच्या जेलीतून घातक घटक शुद्धीकरणात काढलेले असतात.

पावडरीचे ओल्या घडीत गोळे होतात आणि तेच टोचतात. बाळाच्या तोंडाजवळ उडालेली भुकटी फुप्फुसात जाते. शिवाय टाल्कम पावडरीतल्या टाल्कला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२४ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातले आहे.

मजकुरातली दमट हवेची काळजी मात्र खोटी नाही. जांघेत बुरशी धरते, आणि ती या मलमाने जात नाही. लाल चट्ट्याभोवती बारीक पुटकुळ्या दिसल्या तर बुरशीचे औषध लागते, तेही डॉक्टरांना दाखवून. आम्हाला एका दुकानदाराने न विचारताच स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब दिली होती. डायपरखाली स्टेरॉइड जास्त शोषले जाते आणि कातडी पातळ होते. ती ट्यूब मी परत केली.

आणि माकडहाडावर, टाचेवर बोटाने दाबूनही न जाणारी लाली दिसली तर ती दाबाची जखम सुरू होत असते. तिथे मलम लावून वाट पाहू नका. कूस बदला, त्या जागेवरचा भार काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.