दोन सीटांची गाडी, दोन भोंगे

गेल्या मार्चमधल्या एका शनिवारी गाडीचा पुढचा बंपर सोडवून मी ड्राइव्हवेत मांडी घालून बसलो होतो. समोरच्या घरातले आजोबा कुत्र्याला फिरवून परत येत होते. काय बिघडलं, म्हणून त्यांनी चौकशी केली. बिघडलं काही नाही, मोठा हॉर्न बसवतोय, असं सांगितल्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, "पण इथे हॉर्न वाजवायचाच कशाला?"

हा प्रश्न विचारायचा मान खरं तर माझा. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला येऊन मला चौदा वर्षं झाली, आणि एवढी वर्षं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हॉर्नचा विषय निघाला की "आमच्याकडे आठवडा-आठवडा हॉर्न ऐकू येत नाही" हे एक वाक्य टाकून मी मोकळा होतो. २०२१ च्या ऑक्टोबरात नितीन गडकरी आमच्या नाशकातच एका कार्यक्रमात म्हणाले की, गाड्यांच्या हॉर्नमधून भारतीय वाद्यांचेच आवाज यावेत असा कायदा करायचा विचार आहे. बासरी, तबला, व्हायोलिन, माउथ ऑर्गन, हार्मोनियम. रुग्णवाहिकेच्या सायरनऐवजी आकाशवाणीची सकाळची धून लावायचीही कल्पना होती. ग्रुप पेटला. मामा बासरीच्या बाजूने. ताईचं म्हणणं, पहाटे सहाला शाळेच्या रिक्षातून तबला ऐकायची तिची तयारी नाही. व्हायोलिन आणि माउथ ऑर्गन भारतीय कधी झाले, यावर दोघा काकांची वेगळीच जुंपली. मी माझं नेहमीचं वाक्य टाकलं. २०२५ च्या एप्रिलात गडकरींनी तोच विचार पुन्हा बोलून दाखवला, आणि मीही तेच वाक्य पुन्हा टाकलं.

आता मोठ्या हॉर्नचा फोटो कुठल्या तोंडाने टाकायचा?

गाडी माझदाची मियाता. दोन सीटा, कापडी टप, वजन जेमतेम हजार-साडेदहाशे किलो, उंची सव्वा मीटर. बायको तिला "तुझं पंचेचाळिशीचं खेळणं" म्हणते आणि वाणसामानाला दुसरी गाडी काढते. गाडीत खोट काढायला जागा नाही, एक हॉर्न सोडून. कंपनीने एकच चपटा डिस्क हॉर्न दिलेला. दाबला की बदकाच्या पिल्लाच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज. आणि मी जातो ८८० या महामार्गाने. ओकलंडमधून जाणाऱ्या ५८० या दुसऱ्या महामार्गावर साडेचार टनांहून जड ट्रकना बंदी आहे, त्यामुळे बंदरातले सगळे कंटेनर ८८० वर. त्यांच्या जोडीला पिकअप. मोठ्या पिकअपचं बॉनेट जवळजवळ माझ्या छपराच्या उंचीला येतं, त्यामुळे वरच्या माणसाला खिडकीतून शेजारची लेन दिसते, लेनमधला मी दिसत नाही. जानेवारीत असाच एक पिकअप शांतपणे माझ्या लेनमध्ये उतरायला लागला. मी हॉर्न दाबला, दाबूनच धरला. त्याच्या काचा बंद, आत गाणी. डावीकडे काँक्रीटचा कठडा होता. त्याच्या चाकाची बोल्टं मला मोजता आली असती. ब्रेक लावून मागे पडलो म्हणून वाचलो. त्याला अजूनही काही माहीत नाही.

त्याच रात्री हॉर्न मागवले. आधी एअर हॉर्नचा मोह झाला होता. त्याला छोटा कॉम्प्रेसर असतो, तो अठरा-वीस ॲम्पिअर ओढतो आणि आवाज ट्रकसारखा येतो. मग कॅलिफोर्नियाचा कायदा वाचला: हॉर्न दोनशे फुटांवरून ऐकू आला पाहिजे, पण अवास्तव मोठा किंवा कर्कश नको. शिवाय त्याच रस्त्यावर ट्रेनचे हॉर्न लावून फिरणारी पोरं मी पाहिली आहेत, त्यांच्या पंगतीला बसायचं नव्हतं. म्हणून साधी इलेक्ट्रिक जोडी घेतली: एक खालच्या सुराचा, एक वरच्या. खोक्यावर ११८ डेसिबल लिहिलं होतं. तळाला बारीक अक्षरांत "मेड इन इंडिया". तसं आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. कोइमतूरच्या रूट्सचं नाव हॉर्नच्या धंद्यात जुनं आहे, आणि उनो मिंडाने २०१३ मध्ये स्पेनची क्लार्टन ही हॉर्नची कंपनीच विकत घेतली. हॉर्न वाजवण्याचा एवढा सराव असलेल्या देशाने ते बनवण्यात मागे का राहावं?

काम अर्ध्या दिवसाचं. हॉर्नच्या आत शाळेच्या विजेच्या घंटेचीच युक्ती असते: विद्युतचुंबक पत्र्याचा पडदा ओढतो, ओढताना स्वतःचाच संपर्क तोडतो, पडदा परत जातो, पुन्हा ओढतो, सेकंदाला चार-पाचशे वेळा. दोन मोठे हॉर्न मूळच्या बारीक वायरीवर टाकले तर फ्यूज उडायची भीती, म्हणून बॅटरीपासून फ्यूज घालून वेगळी जाड वायर आणायची आणि मध्ये रिले, म्हणजे बारीक प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच, बसवायचा. रिलेच्या टोकांना आकडे असतात: जुन्या हॉर्नची वायर ८५-८६ ला, बॅटरी ३० ला, ८७ मधून हॉर्न. अर्थिंगसाठी रंग खरवडून पत्रा उघडा करायचा. मी ते आधी केलं नाही आणि तासभर शिव्या घातल्या. गोगलगायीसारख्या हॉर्नचं तोंड खाली ठेवायचं, नाहीतर पावसाचं पाणी साचतं. नाशकात मुंबई नाक्याजवळचा बॅटरीवाला हे सगळं चहा गार व्हायच्या आत करून देतो आणि वर विचारतो, "साहेब, रिव्हर्सला म्युझिक टाकू?"

काम करता करता मला डिसेंबरातली गोष्ट आठवत होती. लग्नासाठी नाशिकला गेलो होतो आणि मामेभावाची गाडी तिथल्या द्वारका चौकातून पंचवटीकडे मी चालवत होतो. हौसेने, अमेरिकन पद्धतीने, हॉर्नला हात न लावता. दुधाचे कॅन लटकवलेला मोटरसायकलवाला पुढे चालला होता. त्याचा एक आरसा आत वळवलेला, दुसरा नव्हताच. मी अगदी सभ्यपणे उजवीकडून पुढे निघालो आणि तो सरळ माझ्यावर आला. थोडक्यात बचावला. कॅन सावरत ओरडला, "मुका आहे का रे?" मामेभाऊ हळूच म्हणाला, "दादा, हॉर्न मारत जा ना. मागून कोणी येतंय हे त्याला कळणार कसं?"

तिथल्या हिशोबाने मीच उद्धट होतो. पुढच्याने पुढे बघायचं आणि मागच्याने स्वतःची वर्दी द्यायची, हा तिथला न लिहिलेला करार. घाटात तर तो लिहिलेलाच असतो. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना प्रत्येक आंधळ्या वळणावर हॉर्न दिला नाही तर वरून येणारा जीपवाला खिडकीतून हात बाहेर काढून तुमची अक्कल काढतो, आणि बरोबर काढतो. ऑडीच्या भारतातल्या प्रमुखांनी २०१२ मध्ये सांगितलं होतं की भारतासाठी त्यांना खास टिकाऊ हॉर्न बसवावे लागतात, कारण सरासरी जर्मन माणूस वर्षभरात वाजवतो तेवढा हॉर्न मुंबईत एका दिवसात वाजतो. हे आम्ही परदेशातले लोक चवीने सांगतो. मीही सांगितलं आहे.

अमेरिकेत त्याच बटणाचा अर्थ वेगळा. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार सुरक्षेची गरज असेल तरच हॉर्न, एरवी नाही. २०१७ मध्ये सॅन दिएगो काउंटीतल्या व्हिस्टा गावी एका खासदाराच्या कार्यालयापुढे निदर्शनं चालू होती. पाठिंबा म्हणून एका बाईंनी जाता जाता हॉर्न वाजवला आणि त्यांना पावती मिळाली. हॉर्न हे भाषण आहे, म्हणजे भाषणस्वातंत्र्य आहे, असं म्हणत त्या कोर्टात गेल्या. २०२३ मध्ये नवव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी कायदा कायम ठेवला. रस्त्यावर मात्र हॉर्न भाषणच आहे, आणि ते एकाच प्रकारचं असतं. सिग्नल हिरवा झाल्यावर पुढच्याला नुसतं "पीप" केलं तरी तो आरशातून असा बघतो की जणू आपण त्याच्या आईचा उद्धार केला. त्याच्याकडे पिस्तूल असेल का, हा विचार इथे राहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एकदा येऊन जातो. माझ्या बायकोच्या मनात दोनदा येतो.

त्यामुळे इथल्या शांततेला संस्कृती म्हणायचं मी सोडलं आहे. बारा-बारा फुटांच्या लेन, सहा पदरी रस्ते, पायी चालणारा शोधून सापडत नाही, गाय नाही, हातगाडी नाही. वर विम्याचा धाक आणि बंदुकीचा. एवढं असल्यावर कोणीही शांत राहील. (शांत तरी कसलं? शनिवारी सकाळी पाचोळा उडवायची यंत्रं सुरू झाली की फोनवर आई विचारते, "गिरणीत बसलायस का?" आणि रेल्वे फाटकाशी आली की दोन लांब, एक आखूड, एक लांब असा भोंगा वाजवण्याचा तर केंद्राचा नियमच आहे, किमान ९६ डेसिबलचा.)

मग घरच्या वादात मी कुठे? वाद्यांच्या बाजूने नक्कीच नाही. हॉर्नचं काम गर्दीच्या आवाजातून वर येणं आणि तो कुठून येतोय हे कळणं. अनेक सुरांचं खरखरीत मिश्रण असेल तर कानाला दिशा चटकन कळते. बासरीसारखा स्वच्छ एकसुरी आवाज कुठून आला ते शोधावं लागतं. तोवर दूधवाला गाडीखाली. शिवाय आज केंद्रीय मोटार वाहन नियम ११९ प्रमाणे एकामागून एक वेगळे सूर काढणारा हॉर्न लावणंच मना आहे. तबला वाजवायचा तर आधी तो नियम बदलावा लागेल. आणि माणूस ओळखून बोलायचं तर गोड हॉर्न आपण जास्तच वाजवू. यमन असेल तर सिग्नलला समेपर्यंत.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये ट्रकच्या मागचं "हॉर्न ओके प्लीज" पुसायला सांगितलं. त्यातही मला फारसा अर्थ दिसला नाही. ती पाटी वाचून कोणी हॉर्न वाजवत नव्हतं. पुढचा दिसत नाही म्हणून वाजवत होतं. त्यापेक्षा २०२० च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी दाखवलेला सिग्नल मला आवडला होता. लाल दिव्याला थांबलेल्यांचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू. उभ्या गाडीचा हॉर्न कोणालाच काही सांगत नसतो, आणि शिक्षा नेमकी त्या हॉर्नला होती.

माझा खरा राग आहे तो प्रेशर हॉर्नवर. २०२२ मध्ये बाबा नाशकातल्या एका खासगी दवाखान्यात अकरा दिवस होते. बाहेर शांतता क्षेत्राची पाटी. नियमाने दवाखान्याभोवती शंभर मीटर शांतता, रात्री ४० डेसिबल. रात्री दीड-दोनला खासगी बस यायच्या, रस्ता रिकामा, तरी कोपऱ्यावर तो भोंगा. बाबांना डुलकी लागलेली असायची, ते दचकून उठायचे आणि सलाईनचा हात झटकायचे. सिस्टर येऊन सुई नीट करायची. तिसऱ्या रात्री मी खाली जाऊन कोपऱ्यावर उभा राहिलो. काय करणार होतो, मलाच माहीत नव्हतं. बस आली, भोंगा वाजला, गेली. विनाकारण हॉर्न वाजवला तर मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून एक हजार दंड आहे, पुन्हा वाजवला तर दोन हजार. रात्री दोनला तो घ्यायला उभं कोण राहणार? प्रेशर हॉर्न बसमधून काढून टाकता येतो, दिवसाढवळ्या, आरटीओच्या तपासणीत, पान्याने. बोल्ट दोनच असतात. मला आता माहीत आहे.

रिक्षावाल्याची ती बारीक पिपाणी मात्र राहू दे. आरसे आणि फुटपाथ जागेवर येईपर्यंत तिला मी नावं ठेवणार नाही. ग्रुपवर तसं लिहिलं, तर ताईने विचारलं, "तू तिकडे बसून सांगतोयस?" रोज सकाळी तिच्या खिडकीखाली तीच पिपाणी वाजते, माझ्या नाही. मी उत्तर दिलं नाही.

मार्चपासून नवा हॉर्न तीनदा वाजला. एकदा ८८० वर, पुन्हा एक पिकअप. या वेळी त्याने ऐकलं आणि झटक्यात आपल्या लेनमध्ये गेला. एकदा पार्किंगमध्ये एक बाई मागे न बघता रिव्हर्स घेत होत्या. तिसऱ्यांदा गॅरेजमध्ये रेकॉर्ड करून मामेभावाला पाठवायला. समोरच्या आजोबांचा कुत्रा पाच मिनिटं भुंकत होता. मामेभावाचं उत्तर सकाळी आलं: "दादा, छान आहे. पण मोठा कधी बसवणार?"