मदरबोर्ड सलामत तर विंडोज पचास

तुमच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात ती आतली मुख्य पाटी, उडाला असेल, तर आधी शांत बसा आणि एक गोष्ट आठवा. विंडोज तुम्ही कुणासाठी घेतलं होतं? ‘अर्थात माझ्यासाठी’ असं उत्तर आलं, तर तुम्ही करार न वाचताच ‘आय ॲग्री’वर टिचकी मारलेली आहे. हरकत नाही, सगळेच मारतात. पण त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं की सॉफ्टवेअर तुम्हाला विकलेलं नाही, फक्त वापरायला दिलंय. आणि ते लॅपटॉपसोबत आलेलं असेल, तर वापरायलाही तुम्हाला नव्हे, त्या लॅपटॉपला दिलंय. तुम्ही फक्त बिल भरलंत.

एवढं मनाशी पक्कं झालं की पुढचे सल्ले पचायला सोपे जातील. त्यातला मुख्य सल्ला असा की काहीही बदलू नका. रॅम कमी पडतेय? तुम्ही हळू काम करा. पंखा घरघरतोय? रेडिओ लावा. दुरुस्ती ही चोरीचं विंडोज वापरणाऱ्यांनी करायची गोष्ट आहे, कारण त्यांना कुणी काही विचारत नाही. तुम्ही पैसे मोजलेत, तेव्हा तुमची चौकशी होणारच.

ही शिस्त आपल्याला लागली २००१च्या ऑक्टोबरात, विंडोज एक्सपी आलं तेव्हा. त्याआधीच्या विंडोज ९८ला एकदा ‘की’, म्हणजे अक्षरं-आकड्यांची परवान्याची किल्ली, टाइप करून दिली की ते जन्मभर गप्प बसायचं. ती की कुणाच्या तरी डायरीच्या शेवटच्या पानावर असायची आणि अख्खी सोसायटी तिच्यावर चालायची. एक्सपीने मात्र यंत्रातल्या दहा गोष्टींची नोंद ठेवायला सुरुवात केली. प्रोसेसर कोणता, त्याचा सिरियल नंबर काय, रॅम साधारण किती, डिस्प्ले कार्ड, नेटवर्क कार्ड, हार्ड डिस्क, सीडी ड्राइव्ह, दोन प्रकारचे डिस्क कंट्रोलर, आणि हार्ड डिस्कवरच्या ड्राइव्हचा व्हॉल्यूम नंबर. नेटवर्क कार्ड जागेवर असेल तर यातल्या पाच गोष्टी बदलेपर्यंत माफी असे. सहावी बदलली की कॉम्प्युटर परका. नेटवर्क कार्डच बदललं असेल, तर चार बदलांतच खेळ खलास. मग पुन्हा ॲक्टिव्हेट करा, म्हणजे मायक्रोसॉफ्टची मंजुरी आणा, नाहीतर बाहेर. त्यासाठी तीन दिवसांची मुदत मिळू लागली ती पुढच्या वर्षी.

यातली शेवटची नोंद मला विशेष आवडते. हा व्हॉल्यूम नंबर डिस्क फॉरमॅट केली की बदलतो. आपल्याकडे कॉम्प्युटरच्या प्रत्येक दुखण्यावरचा पहिला आणि शेवटचा इलाज काय? ‘फॉरमॅट मारून विंडोज नवीन टाकू.’ म्हणजे कुठलाही सुटा भाग न बदलता, केवळ घरगुती उपचारापायी, दहातली एक नोंद तुमच्या विरोधात जायची.

आता कुणी विचारेल, एवढा बंदोबस्त चोरांसाठी होता ना? होता की. फक्त चोर त्यात कधी आलेच नाहीत. कंपन्यांसाठी काढलेल्या एक्सपीला ॲक्टिव्हेशन लागतच नव्हतं, आणि नेमकी तीच आवृत्ती तिच्या कीसकट एक्सपी बाजारात येण्याआधीच फुटली. चोरीच्या सीड्यांत ती फिरत राहिली. पुढच्या वर्षीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकने, म्हणजे सुधारणांच्या गठ्ठ्याने, ती की अडवली, पण तोवर फुकट्यांनी साऊंड कार्डापासून कॅबिनेटपर्यंत सगळं बदलून घेतलं होतं. त्या काळात मॉडेम बदलण्याआधी दोनदा विचार करणारा माणूस दिसला, तर तो पावती जपून ठेवणारा ग्राहक समजावा.

असो, एक्सपी गेलं. हल्लीचं विंडोज बरंच मोठ्या मनाचं आहे. रॅम वाढवा, जुनी डिस्क काढून एसएसडी ही नवी वेगवान डिस्क बसवा, ते सहसा ब्र काढत नाही. त्याचा जीव एकाच गोष्टीत आहे, मदरबोर्डात. विंडोज ८पासून, म्हणजे २०१२पासून, तयार लॅपटॉपची की मदरबोर्डावरच्या चिपमध्येच कोरलेली असते. बोर्ड गेला की कीही त्याच्यासोबत जाते. त्याआधी निदान लॅपटॉपच्या पोटाला स्टिकर तरी असायचा. मांडीच्या उष्णतेने आणि हाताच्या घामाने त्यावरची २५ अक्षरं वर्षभरात पुसायची, ही गोष्ट वेगळी. त्या कीमध्ये इंग्रजी स्वर अजिबात नसतात, चुकून एखादा शब्द तयार होऊ नये म्हणून असेल. शून्य आणि एक हे आकडेही वगळलेत, वाचणाऱ्याचा गोंधळ नको म्हणून. बी आणि आठ मात्र दोन्ही ठेवलेत. पुसट स्टिकरवर हे दोघं जुळे भाऊ दिसतात, पण माणसाला थोडी तरी करमणूक हवीच.

तेव्हा मदरबोर्ड बदलायचाच असेल तर योग्य कारणासाठी बदला. नियम असा आहे की तयार कॉम्प्युटरचा बोर्ड बिघडला आणि कंपनीने त्याच मॉडेलचा किंवा तिच्या मते त्याच्या बदलीचा दुसरा दिला, तर तुमचं लायसन्स शाबूत. पण चांगला चालणारा बोर्ड काढून तुम्ही अधिक वेगवान बसवलात, तर तो नवा कॉम्प्युटर, आणि नव्या कॉम्प्युटरला नवं विंडोज. थोडक्यात, बोर्डाला नैसर्गिक मृत्यू यायला हवा आणि त्याच्या जागी त्याचा सख्खा भाऊच बसायला हवा. सहा-सात वर्षांच्या बोर्डाचा सख्खा भाऊ बाजारात शोधणं हा एक सुंदर छंद आहे. निवृत्त मंडळींनी अवश्य करून बघावा.

तुम्ही डबाबंद, रिटेल विंडोज घेतलं असेल तर गोष्ट निराळी. ते एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर नेता येतं. त्याची किंमत जास्त असते आणि असेंबल करून देणारा ते कधीच सुचवत नाही. तो म्हणतो, ‘साहेब, विंडोज टाकून देतो, टेन्शन घेऊ नका.’ नेमकं काय टाकून दिलं, हे न विचारणं यालाच आपल्याकडे चांगले संबंध म्हणतात. इंटरनेटवर काही शे रुपयांत की मिळते तीही घ्यायला हरकत नाही. ती बऱ्याचदा कुठल्यातरी कंपनीच्या घाऊक लायसन्समधून आलेली असते आणि ती कधी बंद पडेल याची उत्कंठा तुम्हाला फुकटात मिळते.

आता प्रत्यक्ष कृती. बोर्ड बदलण्याआधी विंडोजमध्ये आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून लायसन्स त्या खात्याशी जोडता येतं. विंडोज १०च्या २०१६मधल्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून ही सोय आहे. म्हणून हे काम आधी मुळीच करू नका. बोर्ड जळून गेल्यावर करा, म्हणजे करण्यासारखं काही उरणार नाही. आणि अतिउत्साहाने आधीच जोडून ठेवलं असेल, तर सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनच्या पानावर जा. ‘तुमच्या यंत्राचं हार्डवेअर बदलल्याचं आढळलं’ अशा अर्थाची सूचना दिसेल आणि तिच्या शेजारी ०एक्ससी००४एफ२११ हा नंबर. बदल तुम्हीच केलेला असल्यामुळे ही बातमी तुम्हाला धक्कादायक वाटणार नाही, पण तसा चेहरा करा. मग ट्रबलशूट दाबा आणि ‘मी नुकतंच हार्डवेअर बदललं’ अशी कबुली देणारी बारीक ओळ शोधा. त्यापुढे तुमच्या यंत्रांची यादी येते. यंत्रांना तुम्ही नावं दिलेली नसतात, त्यामुळे तिथे ‘डेस्कटॉप’ आणि पुढे सात अगम्य अक्षरं, अशा नावांची रांग दिसते. यातलं वारलेलं कोणतं आणि समोर बसलेलं कोणतं, हे ओळखा. ओळखलंत तरी ‘पुन्हा ॲक्टिव्हेट करण्याची तुमची मर्यादा संपली’ असं कळण्याची शक्यता शिल्लक असतेच.

तरुण वाचकांना फोनवरच्या ॲक्टिव्हेशनची मौज ठाऊक नसेल. विंडोज १०च्या काळात पडद्यावर सात-सात आकड्यांचे नऊ गट यायचे. ते ६३ आकडे टोल-फ्री नंबरवरच्या यंत्राला सांगायचे. मग ते यंत्र विचारायचं, ‘हे विंडोज किती कॉम्प्युटरवर टाकलेलं आहे?’ इथे प्रामाणिक माणूस हमखास फसायचा. तो आधीच्या बोर्डाची हकिगत, दुकानदाराने केलेलं निदान आणि पावसाळ्यातला व्होल्टेजचा त्रास यांतून मार्ग काढत ‘तसं बघायला गेलं तर दोन’ असं म्हणायचा आणि संपायचा. योग्य उत्तर एकच होतं, ‘एक’. ते दिलं की पलीकडून सहा-सहा आकड्यांचे आठ गट ऐकू यायचे. ४८ आकड्यांत एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला जाणाऱ्या आजोबांशी मला इथे फार जवळीक वाटते. पण आजोबांना निदान स्वतःचाच जिवंतपणा सिद्ध करायचा असतो. तुम्हाला सिद्ध करायचं असायचं की जे यंत्र मेलं, तेच हे.

इतर सॉफ्टवेअरं यापेक्षा सरळ, असं समजू नका. काही ठिकाणी जुन्या कॉम्प्युटरवरून लायसन्स आधी सोडावं लागतं, मगच ते नव्यावर बसतं. हिशेबाचं टॅली वापरणाऱ्यांना ‘सरेंडर’ हा पर्याय चांगला ओळखीचा असेल, फॉरमॅट मारण्याआधी तो आठवणारा अकाउंटंट खरा तयारीचा. म्हणून हार्ड डिस्कला आधीच सांगून ठेवा की बाई, जाण्यापूर्वी दोन दिवस नोटीस दे. ॲपलच्या गाण्यांच्या आयट्यून्सने पाच कॉम्प्युटरांची मर्यादा घातली, आणि मेलेले कॉम्प्युटर मोजणीतून काढायचे तर सगळे एकदम काढायचे, तेही वर्षातून एकदाच. मराठी डीटीपीवाल्यांचं त्या मानाने बरं होतं. फाँटच्या पॅकेजसोबत कॉम्प्युटरच्या मागे खोचायचं एक लॉक यायचं. कॉम्प्युटर कितीही बदला, लॉक उपसून दुसरीकडे खोचलं की काम सुरू. हरवलं तर मात्र दिवाळी अंक होळीला निघायचा.

आणि हे सगळं नीट पाळूनही एखाद्या दिवशी तुम्ही चोर ठरलात, तर मनाला लावून घेऊ नका. २००७च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टच्या पडताळणी सर्व्हरवर चाचणीतला कच्चा कोड चुकून चढला आणि सुमारे १९ तास अस्सल एक्सपी आणि त्यानंतरचं व्हिस्टा वापरणारे हजारो लोक नकली ठरले. व्हिस्टावाल्यांच्या खिडक्यांची काचेसारखी झळाळीही काढून घेतली गेली. त्यांच्या यंत्रांत काहीच बदललेलं नव्हतं. बदललं होतं ते सर्व्हरच्या बाजूला, पण तिकडचं हार्डवेअर कुणी मोजत नाही.

हल्ली शिक्षा तरी सौम्य आहे. पडद्याच्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी करडी अक्षरं उमटतात आणि सेटिंग्जमधून वॉलपेपर बदलता येत नाही. फोटोवर राइट क्लिक करून मात्र बदलता येतो, पण कायदा पाळणाऱ्या माणसाने तसं करू नये. करड्या अक्षरांचं म्हणाल तर सोसायटीच्या वार्षिक सभेत प्रोजेक्टर लावला की ती हिशेबाच्या आकड्यांवर फार शोभून दिसतात, आणि खजिनदाराच्या काटकसरीबद्दल सभासदांची खात्री पटते.

ज्यांनी वर्षानुवर्षं हे व्रत पाळलं, एक स्क्रूही हलवला नाही, त्यांच्यासाठी शेवटचा टप्पा. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. म्हणजे जो कॉम्प्युटर बदललात तर खबरदार, असं इतकी वर्षं ऐकलं, तोच आता बदला असं सांगणं आहे. नव्या लॅपटॉपच्या बोर्डात त्याची स्वतःची की असेलच. जुन्याचं लायसन्स जुन्यासोबत राहील. भंगारवाला आला की त्याला सांगून बघा, आत अस्सल विंडोज आहे म्हणून. तो वजनावरच पैसे देईल.