नाणी, कॉम्प्युटर आणि वाचन सोडून बाकी सगळं

इंग्रजी वाचनाची पुस्तकं काढणाऱ्यांकडे कुठेतरी एक जुनी यादी असणार आणि तिच्यात मधमाश्या, ज्वालामुखी, जुनी नाणी आणि कॉम्प्युटर हे चार विषय पर्मनंट असणार, कारण कुठलंही पुस्तक उघडा, कुठल्याही प्रकाशनाचं, हे चौघे आत बसलेलेच असतात. यामागचा विचार असा की मुलांना नुसतं 'वाचा' म्हटलं की ती वाचत नाहीत, पण आवडीचा विषय दिला की आपोआप वाचतात. कागदावर झकास आहे. प्रत्यक्षात आवडीचा विषय दिला की पोरं विषयात घुसतात आणि वाचन बाहेर राहतं, आणि बाई खडू घेऊन दोघांच्या मधे.

एनिअ‍ॅकचा उतारा घ्या. अमेरिकेत १९४६ साली लोकांना दाखवलेला अवाढव्य कॉम्प्युटर, वजन साधारण ३० टन, आत १८,००० व्हॅक्यूम ट्यूब, सेकंदाला ५,००० बेरजा. दहा-बारा ओळींचा उतारा, सोपी वाक्यं, मी मनात म्हटलं वीस मिनिटांत वाचून प्रश्नोत्तरांना लागू. दुसऱ्या ओळीत ट्यूब आली आणि मागून हात वर. "मॅडम, तेव्हा पण यूट्यूब होतं?" वर्ग हसला नाही, हे लक्षात घ्या, वर्ग उत्तराची वाट बघत होता. मग काचेच्या दिव्यासारखी दिसणारी ती नळी, तिच्यातून करंट चालू-बंद कसा व्हायचा, आता तेच काम ट्रान्झिस्टर करतो, तो इतका लहान असतो की डोळ्यांना दिसतही नाही, हे सगळं फळ्यावर चित्र काढून झालं. चित्र बरं आलं. पोरांनी वहीत उतरवूनही घेतलं. उतारा दुसऱ्या ओळीवरच.

वर्गात एक कॉम्प्युटरवाला आहे. प्रत्येक वर्गात एक असतोच, त्यामुळे नाव सांगायची गरज नाही. तो उतारा वाचत नाही, कारण त्याला तो आधीच माहीत असतो. पुस्तक मिटून हनुवटीखाली ठेवायचं आणि प्रश्नांची उत्तरं द्यायची, ही त्याची पद्धत. हाऊ मेनी ट्यूब्ज? त्याने लिहिलं १७,४६८. पुस्तकाच्या मागच्या उत्तरांत १८,०००. आता १७,४६८ हा आकडा खोटा नाही, तो खरोखरच एनिअ‍ॅकबद्दल सांगितला जातो, म्हणजे पोरगं पुस्तकापेक्षा जास्त बरोबर आहे आणि तरी उत्तर चूक आहे कारण प्रश्न 'उताऱ्यात काय म्हटलंय' असा आहे. हे त्याला समजावून बघा. मी बघितलं. तो म्हणाला, "मग उतारा दुरुस्त करा ना."

पुढचा प्रश्न पहिल्या कॉम्प्युटरचा. इथे तर तो उभाच राहिला. जर्मनीत कोनराड झ्यूसेचं झेड-थ्री १९४१ मध्येच चालू होतं, ब्रिटिशांचं कोलोसस १९४४ मध्ये जर्मनांचे गुप्त संदेश फोडायला मदत करत होतं पण ते कित्येक वर्षं कुणाला सांगितलंच नाही, आणि अमेरिकेतल्याच कोर्टाने १९७३ मध्ये एनिअ‍ॅकचं पेटंट रद्द केलं कारण त्यातल्या मूळ कल्पना अ‍ॅटॅनासॉफ नावाच्या माणसाच्या मशीनवरून आल्या असं ठरलं. सगळं बरोबर. सगळं मराठीत. हातवारे करून. वर्ग तल्लीन, मीही ऐकत बसले, खोटं कशाला बोला. आणि उताऱ्यात काय छापलं होतं? 'इज ऑफन कॉल्ड द फर्स्ट'. ऑफन कॉल्ड! बिचाऱ्या लेखकाने पळवाट ठेवलेली होती, दोन शब्दांची, ती वाचली असती तर कोर्टापर्यंत जायची वेळच आली नसती.

नाण्यांच्या धड्याला वेगळं दुखणं. तिथे शब्दच अंगावर येतात. आधी मी मोठ्या विश्वासाने नियम सांगितलेला असतो की सी नंतर ई, आय किंवा वाय आला की त्याचा स करायचा, बाकी वेळी क. मुलं खूश, इंग्रजीत एक तरी नियम निघाला म्हणून. आणि धड्याचं नाव एन्शंट कॉइन्स. सगळ्यांनी नियम पाळून 'अँसिएंट' वाचलं. मी म्हटलं, एन्शंट. "मग स कुठे गेला मॅडम?" आहे त्याचं काय उत्तर? पुढे रेन होता, राजाचा, त्यातला जी बोलायचा नाही. म्हणून एका शहाण्याने पुढच्या ओळीतल्या गोल्डचाही जी गिळला आणि 'ओल्ड कॉइन्स' वाचलं, आणि धडा जुन्या नाण्यांचाच असल्यामुळे ते इतकं चपखल बसलं की मलाही पुढच्या वाक्यापर्यंत कळलं नाही. आर्किऑलॉजिस्टबद्दल मी बोलणार नाही. तो शब्द प्रत्येकाने आपापल्या ताकदीप्रमाणे वाचला.

द किंग स्ट्रक कॉइन्स इथे राजाने नाण्यांना मारलं असा अर्थ लागला आणि गंमत म्हणजे तो फार चुकीचाही नाही. लिडियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात, इसवी सनपूर्व सातव्या शतकात सोन्या-चांदीच्या मिश्रणाचा गोळा ठशावर ठेवून वरून खरोखरच हातोडा हाणायचे. हे सांगितल्यावर पुढची पाच मिनिटं वर्गात कंपासपेट्यांवर ठोकाठोक झाली. वाचन शून्य.

पण खरा तमाशा झाला तो टॉमच्या धड्याला. टॉम नावाच्या मुलाला बागेत खणताना जुनं काळं पडलेलं नाणं सापडतं, तो ते टूथपेस्ट लावून घासघासून चकचकीत करतो, आई कौतुक करते, संपलं. कष्ट आणि स्वच्छता असे दोन सद्गुण एका दगडात. वर्गात एक मुलगी नाणी जमवते, एरवी वाचन म्हटलं की तिचं पोट दुखतं, ती किंचाळलीच. जुनं नाणं घासायचं नसतं! वरचा तो थर शेकडो वर्षांत तयार झालेला असतो, घासलं की तो तर जातोच वर बारीक ओरखडे पडतात आणि नाण्याची किंमत उतरते, जमवणारे लोक असल्या नाण्याला हात लावत नाहीत. हे अगदी खरं आहे. खाली प्रश्न होता, टॉमला शेवटी कसं वाटलं? अपेक्षित उत्तर, ही वॉज हॅपी. तिने लिहिलं, ही वॉज हॅपी बिकॉज ही डिड नॉट नो. मी दहा वेळा वाचलं ते वाक्य. आकलनाचे पूर्ण मार्क द्यावेत की पुस्तकाबाहेरचं लिहिलं म्हणून कापावेत? दिले. वर एक चांदणी पण काढली.

आणि मग आपला तिसरा. हा सगळं वाचतो. खणखणीत आवाज, एन्शंट पण बरोबर, रेन पण बरोबर, पूर्णविरामाला थांबतो, स्वल्पविरामाला श्वास घेतो. कुणी तपासायला येणार असलं की उभं करायला हाच. वाचून झाल्यावर विचारा, काय होतं रे यात? तो पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागतो. तितकंच खणखणीत.

यावर संशोधन झालेलं आहे, म्हणजे हा ताप मला एकटीलाच नाही. गफ आणि टनमर या दोघांनी १९८६ मध्ये साधं सूत्र मांडलं, की वाचन म्हणजे अक्षरं फोडता येणं गुणिले भाषा कळणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य झाली की सगळंच शून्य, मग दुसरीकडे कितीही खणखणीत असो. आणि १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी ६४ शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला, तर वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं वाचनात पक्क्या पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. आमच्याकडे तेच, फक्त बेसबॉलच्या जागी नाणी. फरक इतकाच की त्यांच्या मुलांनी निदान उतारा वाचला होता.

शेवटी मी एक कुरापत काढली. नाण्यांचा एक मोठा उतारा टाइप केला, त्यात एक चूक मुद्दाम घातली आणि वर्गात जाहीर केलं की यात एक थाप आहे, शोधा. एवढंच. कॉम्प्युटरवाल्याने पुस्तक मिटायचा प्रयत्न केला पण पुस्तक नव्हतंच, कागद होता. लिडिया झालं. मग रोमच्या नाण्यातली चांदी कमी कमी होत तिसऱ्या शतकात पाच टक्क्यांच्याही खाली गेली ते झालं. मग लोक चांदीच्या नाण्यांच्या कडा कातरून चांदी चोरायचे म्हणून कडेला खाचा पाडायला लागले, ते झालं. आणि त्याने झडप घातली. न्यूटन! आयझॅक न्यूटन १८९६ साली लंडनच्या टांकसाळीत नोकरीला लागला असं मी लिहिलेलं. "मॅडम, तो १७२७ लाच वारला!" बरोबर, खरं साल १६९६. चौथ्या परिच्छेदात होती ती चूक. म्हणजे हा चौथ्या परिच्छेदापर्यंत पोचला, इंग्रजीतून, स्वतःच्या डोळ्यांनी. मी तारीख लिहून ठेवली आहे.

थाप सापडली, तास संपायला हवा होता. पण नाणेवालीला पटेना. तिचं म्हणणं, थाप स्वीडनची आहे. उताऱ्यात होतं की स्वीडनने १६४४ मध्ये १० डालरचं (डालर म्हणजे तिथलं तेव्हाचं चलन) एक नाणं काढलं आणि त्याचं वजन जवळजवळ २० किलो होतं. "वीस किलोचं नाणं? कुणी मारलं हे?" सगळा वर्ग तिच्या बाजूला. मी तोंड उघडणार इतक्यात आपला खणखणीत उभा राहिला. "कॉपर," म्हणाला. काय कॉपर? "इथे दिलंय, बिकॉज कॉपर वॉज चीप." त्याने ओळ वाचून दाखवली, मग थांबला, आणि पूर्णविराम तर अजून लांब होता. मग सावकाश मराठीत सांगायला लागला, की नाण्याची जेवढी किंमत तेवढा धातू त्यात घालायचे, चांदी असती तर लहान झालं असतं, पण यांच्याकडे तांबं आणि तांबं स्वस्त, मग तेवढ्या किमतीचं तांबं घालायचं तर पाटाएवढा पत्राच होणार की. नाणेवाली कागद डोळ्यांजवळ धरून ती ओळ बघत राहिली, कॉम्प्युटरवाल्याने एनिअ‍ॅकच्या वजनात अशी दीड हजार नाणी बसतात हा हिशोब विचारलं नसताना जाहीर केला, आणि हा अजून उभाच. बस म्हटलं तर म्हणाला, "मॅडम, पण असलं नाणं दिलं तर समोरचा सुट्टे कसे देणार?"

यावरून जो गोंधळ सुरू झाला त्यात तास गेला. एक म्हणे बैलगाडी लागणार, दुसरा म्हणे कापून द्यायचं, नाणेवाली म्हणे कापायचं नाही. घंटा झाली तेव्हा मी ओरडून सांगितलं की खालचे पाच प्रश्न घरून करून आणा. सगळे पळाले. हा कागद घेऊन टेबलापाशी आला आणि प्रश्नांवरून बोट फिरवत म्हणाला, "मॅडम, यात माझा प्रश्न टाकायचा राहिलाय."