दोन मजले वर जायचं होतं फक्त

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात सातव्या मजल्यावर ती अकरा वर्षं बसली. एका बँकेचा प्रॉडक्शन सपोर्ट, म्हणजे चालू सिस्टीम अडली की ती सुरू करायचं काम. वयाने फार मोठी नाही, पण सगळे ताई म्हणायचे, कारण रात्री दोनला बॅच (आपोआप चालणाऱ्या जॉबची रांग) अडकली की फोन तिलाच जायचा. सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या-चौथ्या शनिवारची सुट्टी लागू झाली, तेव्हा कॅलेंडरमध्ये काय बदललं की कुठला जॉब अडून बसतो, हे तिने रात्री जागून शोधलं होतं. डॉक्युमेंटमध्ये त्याबद्दल एकच ओळ आहे: 'कॅलेंडर अपडेट केले.'

ताईला नवव्या मजल्यावरच्या डेटा टीममध्ये जायचं होतं. पदरचे पैसे घालून क्लास केला, आयजेपीचा, म्हणजे कंपनीतल्या कंपनीत जागा बदलायचा, इंटरव्ह्यू दिला, सिलेक्टही झाली. पण पोर्टलवर मॅनेजरचा शेरा पडला: 'क्रिटिकल रिसोर्स, रिलीज शक्य नाही.' पुढच्या वर्षी पुन्हा तेच. शेरा मारण्याआधी लीड म्हणून मला विचारलं होतं. मीही मान डोलावली. रात्रीचे फोन माझ्याकडे यायला नको होते, खोटं कशाला बोलू.

शेवटी तिने पेपर टाकले. दोन वर्षं जे जमत नव्हतं, ते नोटीसच्या ९० दिवसांत जमलं! मधल्या काळात पगारवाढ पुढे आली, नववा मजलाही आला. ताई म्हणाली, "आता कशाला? परवापर्यंत शक्य नव्हतं ना?"

आयटीत माणसं जायचीच, म्हणाल. एप्रिल-जून २०२२ च्या तिमाहीत इन्फोसिसचं ॲट्रिशन, म्हणजे सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण, २८.४ टक्के होतं, तरी कंपनी चाललीच की. चालते हो. पण त्या टक्क्यात कालचा फ्रेशर आणि अकरा वर्षांची ताई एकाच मापाने मोजले जातात. आणि खरी मेख मॅनेजरच्या हिशोबात आहे. माणूस दुसऱ्या टीमला दिला तर डिलिव्हरीचा खड्डा त्याच्या नावावर. माणूस कंपनीच सोडून गेला तर म्हणायला मार्केट आहेच. मग तो अडवणारच. माझं म्हणणं एवढंच, अडवायची मुदत नोटीस पीरियडएवढीच ठेवा. ९० दिवस, त्यानंतर त्याची सही लागताच कामा नये.

जाताना ताईने केटीचे, म्हणजे मागच्यांना काम समजावून देणारे, चौदा तासांचे व्हिडिओ करून ठेवलेत. गेल्या चौथ्या शनिवारी बॅच अडकली, तेव्हा ठाण्यात घरी बसून कॅलेंडरवाला उघडला. व्ह्यूज तीन. त्यातले दोन माझेच.