फणस घेऊन दिव्याला उतरताना

गावाहून येताना फणस आणायचाच. पासष्टी उलटली म्हणून फणस सोडावा, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? शिवाय रेल्वेच्या सेकंड क्लासमध्ये माणशी ३५ किलो सामान फुकट नेता येतं. तेव्हा तांदळाची गोणी, आंब्याची पेटी, कुळथाचं पीठ आणि आमसुलांची बरणीही बांधून घ्या. ३५ किलो उचलायचं कुणी, हे नियमात नाही. तुम्हीही विचारू नका.

सवलतीचं तर नावच काढू नका. पूर्वी साठीच्या पुरुषाला भाड्यात ४० टक्के आणि अठ्ठावन्नच्या बाईला ५० टक्के सूट असायची. २० मार्च २०२० पासून ती बंद झाली, कारण करोनात म्हाताऱ्यांनी उगाच फिरू नये. करोना गेला, पण आपण अजूनही उगाच फिरू नये अशी रेल्वेची माया आहे. एवढी काळजी पोटची पोरंही करत नाहीत. एसटीचं मन मात्र मोठं: पंचाहत्तरीनंतर तिकीटच नाही. फक्त ती पहिली पायरी चढून दाखवायची.

मुलानं चाकांची बॅग दिली असेल तर ती जरूर घ्या. पुलाच्या पायऱ्यांवर ती तुमच्या मागून टाक-टाक करत येईल आणि मागच्या माणसाला आपल्या पूर्वजांची आठवण करून देईल. सरकता जिना दिसला तर हुरळून जाऊ नका. तो बहुधा वर जाणारा असतो. उतरायचं काम रेल्वेनं आपल्या गुडघ्यांवर सोपवलंय.

दादरला उतरणार असाल तर जुनी हुशारी घरी ठेवून या. चाळीस वर्षं मध्य रेल्वेचा एक नंबर म्हणून ज्या फलाटावर तुम्ही उभे राहिलात, तो ९ डिसेंबर २०२३ पासून आठ नंबर झाला आहे. एक ते सात पश्चिम रेल्वेकडे राहिले. भावाला फोनवर ‘एक नंबरवर ये’ म्हणालात, तर तो एकावर आणि तुम्ही आठावर, आणि मधे पूल. (आमच्याकडे हे घडलंय. भाऊ अजून रागावलेला आहे.)

बाहेर रिक्षा शोधू नका, ती वांद्रे-सायनच्या अलीकडे येत नाही. टॅक्सी मिळेल. पद्मिनीच्या टपावर कॅरिअर असायचा, त्यावर अख्खा संसार बसायचा. २०२३ मध्ये त्या गाड्या गेल्या. आता डिकी उघडली की आत सीएनजीची टाकी पाय पसरून झोपलेली असते. आंब्याची पेटी मांडीवर घ्या. बायकोला कुठे घ्यायचं, ते तुमचं तुम्ही बघा.

पण हे सगळं दादरला पोहोचलात तर. मधला भाग मी मुद्दाम शेवटी ठेवलाय.

रत्नागिरीची पॅसेंजर पूर्वी थेट दादरला यायची. आता ती ठाण्याच्या अलीकडे, दिवा स्टेशनातच हात टेकते. पुढे लोकल. लोकल थांबते वीस-तीस सेकंद, आणि तेवढ्यात उतरणारे आधी उतरतात, मग चढणारे चढतात, मग आपण. म्हणून सल्ला असा की चढायचा प्रयत्न करू नका. दारासमोर सामान पुढे धरून उभे राहा आणि अंग सैल सोडा. मागची गर्दी पुढचं बघून घेते. पार्सल कधी धडपडतं का? २०२५ साली मध्य रेल्वेनं माटुंग्याच्या कारखान्यात एका लोकलमधला लगेजचा डबा बदलून ज्येष्ठांसाठी करून घेतला, यातच काय ते समजा. तो डबा आपल्यासमोर येऊन थांबला तर उत्तमच. आमच्यासमोर आला नाही.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आम्ही दोघं, गोणी, पेटी आणि गोणपाटात बांधलेला पंधरा किलोचा फणस. लोकल आली. कुणीतरी ‘चला चला, काकांना आत घ्या’ म्हणालं. गोणी गेली, पेटी गेली. फणस तर लोकांच्या डोक्यांवरून वरच्या वर आत गेला, काट्यांना भिऊन सगळ्यांनी त्याला वाट दिली. त्याच्यामागून हे गेले. माझा एक पाय आत, एक फलाटावर, आणि ‘आजी, मागे सरा!’ अशी हाक आली. मी सरले. गाडी हलली.

दारात लोंबकळणारा एक पोरगा खरंच सज्जन होता. वाकून ओरडला, “आजी, घाबरू नका, फणस ठाण्याला उतरवतो!”

ह्यांच्याबद्दल तो काही बोलला नाही.