१४४१६वर फोन केल्याने गुन्हा दाखल होत नाही

१४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर. ‘टेलि-मानसला फोन केला की पोलीस दारात येतात, आत्महत्येची केस लागते’ असा मेसेज फिरतोय. हे खोटं आहे. मरणाचे विचार येणं हा गुन्हा नाही, कधीच नव्हता. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं भारतीय दंड संहितेतलं जुनं कलम ३०९सुद्धा १ जुलै २०२४पासूनच्या भारतीय न्याय संहितेत आलेलं नाही. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा तर अशा माणसाची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य ठरवतो.

१४४१६ मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही. रात्री तीनला, रडून आवाज फुटत नसला तरी लावा. घरातलं कुणी त्या अवस्थेत असेल तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका. जिवाला धोका दिसला तर लगेच १०८ किंवा ११२. त्या खोट्या मेसेजमुळे कुणीतरी हातात घेतलेला फोन परत उशाशी ठेवेल. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.