समुद्राचं लिंकिंग

कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या माणसाला परदेश बघायचा तर पासपोर्टच्या आधी सोयाबीन विकावं लागतं. मृगाच्या तोंडावर कंपनीच्या बियाण्याच्या ठरल्या तेवढ्या बॅगा उचलायच्या, ठरल्या तारखेच्या आत पैसे भरायचे, की हरभरा घाट्यावर येईस्तोवर कंपनी तुम्हाला विमानात बसवते. आमच्या लातूर जिल्ह्यात असे कितीतरी दुकानदार आहेत, ज्यांनी अजून रायगड पाहिलेला नाही, पण बँकॉकच्या विमानतळावर मुतारी कुठं आहे ते डोळे झाकून सांगतील.

यंदाच्या स्कीमला थायलंडमधलं फुकेत लागलं. हैदराबादहून विमान, दोन्ही वेळचं भारतीय जेवण आणि एक दिवस फी फी बेटं, तोंडात नळी धरून पाण्याखालचं बघायच्या स्नॉर्कलिंगसकट. हे 'सकट' म्हणजे काय, ते खतवाल्याला वेगळं सांगावं लागत नाही. युरियाची गाडी पाहिजे ना, मग तिच्यासोबत हे न खपणारं टॉनिक आणि ही चार खोकी सूक्ष्म अन्नद्रव्यंही उतरवून घ्या, याला आमच्या धंद्यात लिंकिंग म्हणतात. करू नका असं वरून सांगतात, आणि माल तरी येतोच. फुकेतच्या सहलीत समुद्र असाच गळ्यात पडला.

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही किनारा नाही. आमचं पाणी टक्क्यांत असतं. जायकवाडी किती टक्के, मांजरा मृतसाठ्यात गेलं का, एवढंच विचारायचं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या गावची माणसं स्पीडबोटीत बसली, फुकेतचा धक्का मागं पडला, चहूकडं निळंशार पाणी झालं, तेव्हा बोटीत पहिला प्रश्न आला तो असा :

"हे किती टीएमसी असंल?"

"जायकवाडी भरलं तर एकशे दोन."

"त्याच्यापेक्षा जास्तच दिसायलंय."

औश्याच्या एका दुकानदारानं हात बाहेर काढून एक थेंब जिभेवर ठेवला आणि निकाल दिला, "ड्रिपला चालणार नाही." बरोबरच होतं. लिटरला पस्तीसेक ग्रॅम क्षार. आमच्या बोअरच्या पाण्यानंच ड्रिपर बुजतात तर इथं कुठलं ॲसिड मारणार?

पण मी बोटीत फार लवकर चढलो. त्याआधी धक्क्यावर चपला काढून घेतल्या. हा तिथला रिवाज. बोटीत अनवाणी चढायचं, चपला एका मोठ्या टोपलीत टाकायच्या. मंदिराबाहेर चपलेकडं लक्ष ठेवून देवाला हात जोडणाऱ्या माणसांना हे जड गेलं. एकानं आपली एक चप्पल टोपलीत टाकली आणि दुसरी पिशवीत ठेवली. एक चप्पल कोण चोरतंय, हा त्यामागचा हिशोब.

मग उलटी होऊ नये म्हणून गोळ्या वाटल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना डोस सांगणारे आम्ही लोक, गोळी हातावर घेऊन "उपाशीपोटी का जेवल्यावर?" यावर पंधरा मिनिटं चर्चा करत बसलो. तेवढ्यात गाईडनं सगळ्यांच्या सनस्क्रीनच्या ट्यूबा तपासायला घेतल्या. थायलंडनं २०२१ साली समुद्री राष्ट्रीय उद्यानांत काही रसायनांच्या सनस्क्रीनवर बंदी घातली आहे, ऑक्सिबेन्झोन आणि आणखी तीन. प्रवाळाला मारक म्हणून. दंड एक लाख बाथपर्यंत. इथं मात्र आमचे लोक खुलले. प्रत्येकानं चष्मा कपाळावरून खाली घेतला, ट्यूब उलटी केली आणि मागचं बारीक अक्षरातलं लेबल मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. बंदी घातलेल्या औषधाच्या यादीला सगळ्यात जास्त मान कोण देत असेल तर तो परवानाधारक दुकानदार. इन्स्पेक्टर कधी येईल याचा नेम नसतो. दोन ट्यूबा जप्त झाल्या, त्यातली एक कंपनीच्या साहेबांची होती, आणि याचा आनंद दिवसभर टिकला.

फी फी बेटांतल्या माया बे या खाडीबद्दल फार लिहीत नाही. फोटोत आहे तशीच आहे. गर्दीनं प्रवाळाची वाट लागली म्हणून २०१८ च्या जूनपासून ती बंद ठेवली होती आणि २०२२ च्या जानेवारीत उघडली. आता बोटी मागच्या बाजूनं लावतात आणि समोरच्या पाण्यात पोहू देत नाहीत. पोहता येत नाही असं कळल्यावर आमच्या निम्म्या लोकांचे चेहरे उजळले. त्यांना वाटलं, सुटलो. पण बोट तिथून निघाली, एका कड्याच्या आडोशाला जाऊन थांबली आणि गाईडनं शिट्टी फुंकली.

गाईड वीस-बावीस वर्षांचं पोरगं. हिंदी शब्द त्याला दोन येत होते, 'चलो' आणि 'जल्दी'. तेवढ्यावर त्यानं सांगितलं ते असं : मास्क लावा, नाक बंद होईल. नळी तोंडात घ्या, दातांत धरा, तोंडानं श्वास घ्या. मग पाण्यावर पालथं पडून राहा. हात हलवू नका. बोलू नका.

यातलं प्रत्येक वाक्य आमच्या जडणघडणीच्या विरोधात होतं.

पालथं पडण्याचंच घ्या. आमच्यातल्या पन्नाशीपुढच्या सगळ्यांना पोहता येतं. पाठीला रिकामा डबा बांधून चुलत्यानं विहिरीत ढकललेलं असतं, आलं तर आलं. पण विहिरीतलं पोहणं म्हणजे काठावरून मुटका मारायचा, तळाची माती हातात घेऊन वर यायचं आणि ती सगळ्यांना दाखवायची. पाण्यात तोंड खाली घालून गप पडलेला, हातपाय न हलवणारा माणूस आमच्याकडं दिसला, तर लोक पोलीस पाटलाला फोन करतात. त्यामुळं पाण्यात उतरल्यावर पहिली दहा मिनिटं आम्ही एकमेकांना उलथे करून जिवंत आहे का ते बघण्यात घालवली.

निलंग्याकडचा एक गडी विहिरीतला नामांकित मुटकेबाज. नको नको म्हणत असताना त्यानं बोटीच्या टपाकडं बघितलं, पण तिथं चढू दिलं नाही म्हणून काठावरूनच उडी घेतली. लाइफ जॅकेट असतं, ते माणसासोबत खाली जात नाही. माणूस गेला पाण्यात, जॅकेट राहिलं कानांपाशी. हनुवटी आकाशाकडं, दोन्ही हात आडवे, अशा अवस्थेत तो बराच वेळ तरंगत होता आणि विचारत होता, "खाली कसं जायचं?" खाली जायचंच नाही, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. मग कशाला आलो, हा त्याचा मुद्दा मलाही अगदीच गैर वाटला नाही.

मास्कचं आणखी वेगळं. काचेच्या आतून वाफ धरू नये म्हणून तिच्यावर थुंकून, बोटानं चोळून, पाण्यात खळबळून घ्यायची असते. जगभर असंच करतात म्हणे. गाईडनं करून दाखवलं. आमच्यातल्या एका दादांच्या दाढेत तंबाखूचा बार होता. त्यांनी मनोभावे केलं, फक्त खळबळायचं राहिलं. मास्क लावून पाण्यात तोंड घातलं आणि लगेच वर येऊन म्हणाले, "मांजऱ्याला पूर आल्यावर हाच कलर असतोय की हो!"

माझी अडचण मिशीची. मास्कची रबरी कड कातडीला चिकटली तर पाणी आत येत नाही, मध्ये मिशी आली की फट राहते. आमच्या गटात मिशीशिवाय माणूस म्हणजे कंपनीचे साहेब तेवढे. बाकी सगळ्यांच्या नाकात समुद्र चढत होता. गाईडनं ओठावर बोट आडवं फिरवून खूण केली, काढून टाका. बोटीवर एकदम शांतता झाली. वडील हयात आहेत, अशा माणसाला असली खूण करत नसतात, हे त्या पोराला कोण सांगणार? शेवटी त्यानंच व्हॅसलिनची डबी आणली. सगळ्यांनी मिशा माखून घेतल्या. कोणी कोणी त्या वर पिळल्या. पाणी यायचं थांबलं नाही, पण कमी झालं.

आणि मग खाली दिसलं. सांगतो, कारण आम्ही तिथं काहीच बघितलं नाही असा गावात समज आहे. तळहाताएवढे पिवळसर मासे, अंगावर पाच काळे उभे पट्टे, शंभरानं. घाबरत नाहीत. एक माझ्या हाताशी आला आणि अंगठीतल्या पोवळ्याकडं तिरका होऊन बघत राहिला. पाण्यात सगळं हवेतल्यापेक्षा तिसऱ्या हिश्शानं मोठं आणि पाव हिश्शानं जवळ दिसतं, त्यामुळं तो मासाही मोठा दिसला आणि बोटही. त्याच्या खाली खडकाच्या फटीत काळ्या लांब काट्यांचे सी-अर्चिन, म्हणजे काटेरी गोळ्यासारखे समुद्री जीव, बसलेले. पाय टेकवायचा नाही, असं गाईड का ओरडत होता ते कळलं. प्रवाळ दगडासारखं दिसतं, पण दगड नव्हे, जिवंत प्राण्यांची वस्तीच असते ती. पाय पडला की त्यांचाही निकाल आणि आपल्या तळव्याचाही.

पाण्याखाली एक चमत्कार होता. आवाज कुठून येतो ते समजत नाही. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगानं जातो, दोन्ही कानांत जवळपास एकदमच पोचतो. त्यामुळं दूरवरच्या बोटीचं इंजिन ऐकू आलं तरी ती आपल्याच डोक्यावर आली असं वाटायचं. एका वेळी सगळेच्या सगळे दचकून वर यायचे, चारी दिशांना बघायचे, काहीच नसायचं, पुन्हा खाली.

पण खरा छळ तोंडातल्या नळीचा. माणसाला इतकं काही दिसतंय आणि शेजारच्याला सांगता येत नाही! आमचा धंदाच बोलण्यावर चालतो. काउंटरमागं बसून सकाळी आठपासून रात्रीपर्यंत बोलायचं. लोक नळीतूनच बोलायला लागले. "हूंऽऽ हूं हूं!" "हूं?" "हूं हूंऽ!" त्यात एकाचं भाव काय चाललाय हेही विचारून झालं असावं, कारण दुसऱ्यानं पाण्याबाहेर हात काढून चार बोटं आणि मग तीन बोटं दाखवली. सोयाबीन त्याच्या पुढं गेलेलं नव्हतं.

याला अपवाद आप्पा. सगळ्यात वडील, माळकरी, पंढरीची वारी न चुकणारे. सकाळपासून लोक त्यांना चिडवत होते, "आप्पा, माळ घालून मासे बघायला?" त्यावर ते म्हणाले, "खायचे नाहीत, बघायला कुणी ना म्हणलंय?" आणि हे गृहस्थ उतरले, पालथे झाले आणि तसेच राहिले. शांत. नळीचं टोक वर, तुळशीची माळ पाण्यात तरंगतेय. गाईडनं दोनदा जाऊन खांद्याला हात लावून बघितलं. दोन्ही वेळा आप्पांनी मान वर न करता हातानंच त्याला बाजूला हो म्हणून सांगितलं.

इकडं बोटीवर माझा फोन वाजला. प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये गळ्यात अडकवला होता, तो कोरडा राहावा म्हणून नुकताच वर दिलेला. गावाकडचा शेतकरी.

"शेट, घाटेअळी पडलीय हरभऱ्यावर. काय मारू?"

"बापू, मी समुद्रात हाय."

"हाव, पण काय मारू?"

मी शिडीला एका हातानं लटकलेलो, कमरेपर्यंत पाण्यात, मिशीला व्हॅसलिन. खालून मासे पायाची कातडी टोचताहेत. सांगितलं, "फुलोऱ्यात हाय का घाट्यात? बरं. इमामेक्टिन बेन्झोएट पाच टक्के घ्या. दहा लिटरला चार पूर्णांक चार ग्रॅम. जास्त टाकू नका, त्यानं अळी काय जास्त मरत नसती. आन् पक्षी थांबे लावा, त्याला पैसे लागत नाहीत." तोवर पाण्यातले आणखी दोघे दुकानदार पोहत शिडीपाशी आले. एक म्हणाला, "ह्याच्याऐवजी दुसरं मारायला लाव, ते महाग पडतंय." दुसऱ्यानं नळी काढून तिसरंच नाव सांगितलं. समुद्राच्या मधोमध आमचं चर्चासत्र सुरू झालं. गाईड शिट्टी फुंकत होता, "चलो! जल्दी!" बापू फोनवर विचारत होते, "शेट, शिट्टी कशाची? रेल्वेत हाव का?"

दुपारी फी फी डॉन या बेटावर जेवण. वरण पातळ, भात मोकळा, पोळी नाही. विषय संपला.

जेवल्यावर किनाऱ्याच्या पांढऱ्या वाळूत बसलो असताना आप्पांनी तोंड उघडलं. त्यांनी एक हिरवानिळा मासा बघितला होता, चोचीसारखं तोंड, प्रवाळ कुरतडत होता. "कुरकुर ऐकू येत होती," म्हणाले. गाईडला विचारलं, तर त्यानं खूष होऊन मोबाइलवर भाषांतर करून सांगितलं : तो पोपटमासा. प्रवाळावरचं शेवाळ खायला दगडासकट चावतो, पोटात दळतो आणि मागून बारीक वाळू सोडतो. अशा किनाऱ्यांवरची पांढरी वाळू बरीचशी त्याचीच.

क्षणभर कोणी बोललं नाही. मग मुटकेबाजानं बुडाखालची मूठभर वाळू उचलली, उन्हात धरली, वास घेतला.

"म्हणजे सकाळपासून आपण शेणखतात बसलोय."

"कॅल्शियम चांगलं असंल."

"चुनखडीच ती. आपल्या जमिनीला काय कामाची? आधीच सामू आठच्या वर."

"पण पन्नास किलोची बॅग केली, 'समुद्री सेंद्रिय' नाव टाकलं, तर?"

कंपनीच्या साहेबांनी इथं पहिल्यांदाच वहीत काहीतरी लिहून घेतलं. इथली वाळू, शंख, काहीही उचलून न्यायला मनाई आहे, असं गाईडनं लगेच बजावलं. त्याला आमच्या चेहऱ्यांवरून काय वाटलं कोणास ठाऊक.

धक्क्यावर परत आलो तर तिथं एक बाई चिनी मातीच्या बशा घेऊन उभी. सकाळी बोटीत चढताना प्रत्येकाचा फोटो काढला होता, तो बशीवर छापून तयार. नको असेल तर घेऊ नका, पण आपलं तोंड असलेली बशी परक्या मुलखात टाकून यायची कशी? सगळ्यांनी घासाघीस करून घेतल्या. एक चप्पल पिशवीत ठेवलेल्या गड्याला टोपलीत जोडीची दुसरी सापडली नाही. कोणी तरी एकटीच बघून बाजूला टाकली होती.

माझी बशी आता दुकानात, खताच्या साठा आणि भावफलकाच्या शेजारी. परवा बापू आले. बशीकडं बघितलं, भावफलकाकडं बघितलं, पुन्हा बशीकडं.

"समुद्रातून सांगितलेलं औषध लागू पडलं बघा."

"पडणारच की. मग, मागची बाकी?"

"त्याचंच म्हणायलो," बापू म्हणाले, "मी बी जरा समुद्रात हाय. तूर निघाल्यावर बघू."